बंदुकीची नळी आणि शिपायाचा हात

बंदुकीचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखक नळी, दारू, गोळी आणि चाप या चौकडीपलीकडे फारसे जात नाहींत. नळी किती लांब, गोळी किती वजनाची, मारा किती पल्ल्याचा, याचे आंकडे ते हौसेनें देतात. परंतु ती बंदूक झाडणाऱ्या शिपायाचा डावा हात कोठें असतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. उजवा हात चापाशीं असतो हें लहान मुलासहि ठाऊक आहे. डावा हात नळीखालीं असतो. तोच बंदूक तोलतो, तोच नेम स्थिर ठेवतो, आणि नळी तापली म्हणजे भाजतोहि तोच. या हातासाठीं नळीभोंवतीं जें आवरण घालतात त्यास इंग्रजींत हँडगार्ड म्हणतात. मराठींत हातकवच म्हणावयास हरकत नाहीं. अलीकडे या हातकवचावर खांचा पाडलेल्या धातूच्या पट्ट्या असतात, व त्यांवर दुर्बीण, दिवा, मूठ असें साहित्य अडकवितां येतें. अशी पट्टी निवडतांना ती किती लांब आहे, किती हलकी आहे, दिसते कशी, इतकेंच पुष्कळांच्या नजरेंत भरतें. वास्तविक आवरणाचें माप बाहेरून ठरत नाहीं. नळीच्या आंत काय चालतें त्यावरून तें ठरतें. ही साधी गोष्ट उमगावयास फार काळ लागला, आणि मधल्या काळांत तिची किंमत शिपायांनीं आपल्या तळहातांनीं भरली.

बीड जिल्ह्यांतील केज हें गांव बालाघाटच्या मुलखांत आहे. त्याच्या आग्नेयेस उदगीर, वायव्येस गोदाकांठचें राक्षसभुवन आणि पश्चिमेस खर्डा. उदगीरची लढाई १७६० सालीं झाली, राक्षसभुवनची १७६३ सालीं आणि खर्ड्याची ११ मार्च १७९५ रोजीं. तिन्ही मराठे आणि निजाम यांच्यामध्यें. पस्तीस वर्षांच्या अवधींत या एका मुलखाच्या तीन बाजूंस बंदुकांचा धडाका उडाला. त्या बंदुकांत तोड्याच्या होत्या आणि गारद्यांच्या पलटणींतील चकमकीच्याहि होत्या. तोड्याच्या बंदुकीची घडण पाहण्यासारखी असे. लांबलचक नळी एका सडपातळ लांकडी दस्त्यावर बसवीत आणि तारेच्या वेढ्यांनीं किंवा कातड्याच्या वाद्यांनीं ती लांकडाशीं आवळून टाकीत. लांकूड फक्त नळीच्या खालच्या अंगास. वरून नळी उघडी. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतल्यानंतर तेथील कारागिरांच्या हातच्या बंदुका पाहून खुद्द आल्बुकर्कनें आपल्या राजाकडे त्यांची वाखाणणी केली होती. अशा हुन्नरी लोकांना नळी वरूनहि झांकावी असें सुचलें नसतें असें नाहीं, गरजच नव्हती. बार भरावयाचा, गजानें ठासावयाचा, कानावर रंजक घालावयाची, जामगी फुंकून लाल करावयाची, मग नेम. एवढें सर्व उरकेपर्यंत मागच्या बाराची ऊब निघून जाई. शिपायास भय होतें तें रंजकेच्या भडक्याचें व फुटक्या नळीचें, तापलेल्या नळीचें नव्हे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही स्थिति फारशी बदलली नाहीं. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल, जिच्या काडतुसांच्या वादानें १८५७ चा वणवा भडकला, तीहि ठासणीचीच. कसलेला शिपाई मिनिटास तीन बार काढी. खरा पालट झाला तो काडतूस मागून भरण्याची सोय झाल्यावर. प्रथम एन्फील्डचीच मागची बाजू कापून स्नायडर रायफल करण्यांत आली, आणि १८७१ सालीं मार्टिनी-हेन्री आली. तिचा खालचा दांडा ओढावा, काडतूस सरकवावें, चाप ओढावा. मिनिटास दहाबारा गोळ्या सहज सुटत. बंदूक तिप्पट-चौपट जलद झाली, परंतु तिचें लांकूड मात्र तेंच जुन्या वळणाचें राहिलें. नळी वरून उघडीच. १८७९ च्या झुलू युद्धांत गोऱ्या शिपायांनीं गुरांचें कच्चें कातडें ओलें असतां नळीच्या व लांकडाच्या भोंवतीं शिवून टाकलें; वाळून तें घट्ट बसे आणि हाताचा चटका वांचे. हातकवचाचा हा पहिला अवतार म्हणावयास प्रत्यवाय नाहीं, आणि तो कोणा शस्त्रशास्त्र्याच्या मेजावर जन्मला नाहीं, भाजलेल्या हातांनीं शिवला. पुढच्याच वर्षीं, २७ जुलै १८८० रोजीं, अफगाणिस्तानांत मैवंद येथें मुंबईच्या सैन्यास भयंकर पराभव सोसावा लागला. तेथें मुंबई ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स या हिंदी पलटणींजवळ जुन्या स्नायडर होत्या, आणि सहासष्टाव्या गोऱ्या पलटणीजवळ मार्टिनी-हेन्री. हिंदी शिपायास एक पिढी मागचें हत्यार द्यावयाचें, हा सत्तावन्नानंतरचा सरकारचा शिरस्ताच होता. जुलै महिन्याच्या उन्हांत हीं दोन्ही हत्यारें नुसतीं हातांत धरणें हीच एक शिक्षा असली पाहिजे.

सरकारनें शिपायाच्या कातड्याची दखल घेतली ती १८८८ च्या ली-मेटफर्ड रायफलींत. नळीच्या मागच्या भागावर, जेथें ती सर्वांत आधीं तापते तेथें, वरून लांकडाचा एक आंखूड तुकडा बसविण्यांत आला. पुढें १९०३ ते १९०७ या काळांत जी आंखूड ली-एन्फील्ड सिद्ध झाली, तिच्यांत हें लांकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत नेलें. याचीं कारणें दोन होतीं. एक तर मिनिटास नेम धरून पंधरा गोळ्या झाडण्याची तालीम शिपायांस देण्यांत येऊं लागली होती. दुसरें कारण कमी प्रसिद्ध आहे. नळी तापली म्हणजे तिच्यावरची हवा मृगजळासारखी थरथरते, आणि त्या थरथरींतून पाहतांना समोरचें लक्ष्य हललें असें वाटतें. लांकूड मध्यें आलें म्हणजे ही थरथर पुष्कळ कमी होते. म्हणजे हातकवच आतां नुसत्या हातासाठीं उरलें नाहीं, डोळ्यासाठींहि झालें. शिवाय या रायफलीची संगीन नळीवर न बसतां लांकडाच्या टोंकाशीं असलेल्या धातूच्या टोपणास अडकविलेली असे, यासाठीं कीं संगिनीचें वजन व धक्का नळीस लागूं नये. त्या काळच्या घडणीची ही हुशारी आजच्या कित्येक महाग पट्ट्यांतहि आढळत नाहीं.

केजच्या पूर्वेस अंबाजोगाई आहे. निजामी अमलांत त्या गांवास मोमिनाबाद म्हणत, आणि तेथें हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ सालीं ही कंटिंजंट हिंदी सैन्यांत विलीन झाली, आणि तिच्या रिसाल्यांतून डेक्कन हॉर्स हें नांव पुढें आलें. याच रिसाल्यानें १४ जुलै १९१६ रोजीं फ्रान्सांत सोमच्या रणक्षेत्रावर, हाय वुड नांवाच्या राईच्या बाजूस, भाले रोखून चढाई केली. यंत्रबंदुकांच्या त्या युगांत घोडेस्वारांची ही चढाई पाहून युरोपियन लेखकांनीं पुष्कळ भावनापूर्ण मजकूर लिहिला आहे. त्यांनीं फार न लिहिलेली गोष्ट अशी, कीं आंखूड ली-एन्फील्ड मुळांत घोडदळ आणि पायदळ या दोघांस एकच हत्यार असावें म्हणून काढलेली होती. भाला संपला कीं स्वाराच्या हातीं तीच येई. त्याच सुमारास मराठा पलटणी मेसोपोटेमियांत होत्या. कूत येथें १४७ दिवसांचा वेढा सोसून २९ एप्रिल १९१६ रोजीं जी फौज शरण आली, तिच्यांत तीन मराठा पलटणी होत्या. इराकच्या उन्हाळ्यांत एकहि गोळी न झाडतां उघडें पोलाद हातास चटका देतें, हें सांगावयास त्या शिपायांस कोणी ग्रंथकार लागला नसता.

लांकडी आवरणानें एक प्रश्न सोडविला आणि दुसरा उभा केला. लांकूड आषाढांत फुगतें आणि वैशाखांत आकसतें. कोंकणच्या पावसांत भिजलेली रायफल मराठवाड्याच्या उन्हांत आणून ठेवली कीं तिचें लांकूड नळीवर नव्या जागीं दाबूं लागतें. नळी ही दिसावयास कितीहि ताठ असली तरी गोळी सुटतांना ती वीणेच्या तारेसारखी कंप पावते. कोठेंहि तिला बाहेरून दाब पडला तर कंप बदलतो आणि गोळी दुसरीकडे जाते. म्हणून पलटणीच्या शस्त्रकाराचें बरेंच आयुष्य या लांकडाला घांसून घांसून नळीशीं नीट बसविण्यांत जाई. कलकत्त्याजवळील ईशापूरच्या कारखान्यांत झालेल्या ली-एन्फील्डच्या लांकडांत मॅगझिनच्या पुढें एक आडवा स्क्रू दिसतो. लांकूड चिरूं नये म्हणून तो घातलेला आहे. ज्या रायफलींतून हातबॉम्ब उडवावयाचे त्यांच्या लांकडावर तर तारेचे वेढे घालीत. तोड्याच्या बंदुकीवर तारेचे वेढे, आणि दीडशें वर्षांनंतरच्या रायफलीवरहि तेच.

आवरण नसलेल्या नळीशीं हाताचा संबंध कसा येतो, याचें एक उदाहरण महाराष्ट्रानें विसरूं नये असें आहे. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, पांचव्या मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणींतील नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी यंत्रबंदुकीच्या माऱ्याखालीं सांपडली. तुकडींतील इतर सर्व जण पडले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे त्या ठाण्यावर धांवून गेले. त्यांनीं हातबॉम्ब टाकून यंत्रबंदूक बंद पाडली, आणि टॉमी गननें एक शत्रू टिपला. मॅगझिन बदलावयास वेळ नव्हता. त्यांनीं नुकत्याच गोळ्या ओकलेल्या त्या बंदुकीची नळी हातांत धरली आणि दस्त्याच्या घावांनीं उरलेल्या दोघांस ठार केलें. नंतर ते शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनीं पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसच्या प्रशस्तींत नळी धरल्याचा हा तपशील नमूद आहे. तळहाताचें काय झालें तें नाहीं.

येथपर्यंतच्या इतिहासांत आवरणाचा शत्रु एकच, उष्णता. पुढचा भाग वायूचा आहे. अमेरिकेंतील जॉन ब्राउनिंग यानें १८८९ सालीं असें पाहिलें, कीं गोळीबाराच्या वेळीं नळीच्या तोंडासमोरील उंच गवत वायूच्या झोतानें आडवें होतें. एवढी शक्ति फुकट जाते तर तिच्याकडूनच बंदूक भरवून कां घेऊं नये, असा त्यानें विचार केला, आणि १८९५ पर्यंत या तत्त्वावर चालणारी कोल्ट कंपनीची यंत्रबंदूक बाजारांत आली. तत्त्व साधें आहे. नळीच्या मध्यावर कोठेंतरी एक बारीक भोंक पाडलेलें असतें. गोळी त्या भोंकाच्या पुढें गेली कीं तिच्या पाठीमागचा जळता वायु थोडासा त्यांतून निसटतो, एका नळकांड्यांत शिरतो, दट्ट्यास मागें ढकलतो, आणि तो दट्ट्या रिकामें काडतूस बाहेर फेकून नवें आंत घेतो. शिपायानें फक्त चाप ओढावयाचा.

या भोंकाची जागा हेंच सगळ्या यंत्राचें मर्म होय. तें काडतुसाच्या कोठीच्या जवळ घेतलें तर वायूचा दाब जबर असतो. यंत्र सपाट्यानें चालतें, पण हिसका बसतो आणि भाग लवकर झिजतात. तें तोंडाच्या जवळ नेलें तर दाब सौम्य होतो, परंतु गोळी भोंक ओलांडून लगेच बाहेर पडते आणि दट्ट्यास ढकलावयास वायूला पुरेसा अवकाश मिळत नाहीं. नळी किती लांब, काडतूस किती जोराचें, भोंक किती रुंद, या तिन्हींचा मेळ घालून रचनाकार ही जागा ठरवितो, आणि एकदां ठरविली कीं ती हलविणें नाहीं. आतां अडचण अशी, कीं हीच जागा नेमकी शिपायाच्या डाव्या हाताच्या आसपास येते. ज्या ठिकाणीं पूर्वीं निव्वळ गुळगुळीत नळी होती, त्या ठिकाणीं आतां भोंक, त्यावर धातूचा ठोकळा, त्यास जोडलेलें नळकांडें आणि त्यांतील दट्ट्या असा सारा संसार थाटला गेला. हातकवचास या संसारासभोंवतीं, त्यास न दुखवितां, बसावयाचें.

हिंदी शिपायास हा पालट जाणवला तो १९६२ नंतर. चिनी आक्रमणाच्या वेळीं आपल्या जवानांच्या हातीं बहुतांशीं जुनी ली-एन्फील्डच होती. त्यानंतरच्या वर्षांत ईशापूरला बेल्जियन नमुन्यावरून ७.६२ मिलिमीटरची स्वयंभरण रायफल होऊं लागली. तिलाच जवान एस.एल.आर. म्हणत. तिचा दट्ट्या नळीच्या वर असतो, आणि पुढें, नेमाच्या खुणेच्या मागें, वायु कमीजास्त सोडण्याचें एक फिरतें कडें असतें. बंदूक स्वच्छ असतांना थोडा वायु पुरतो. धूळ, चिखल किंवा गोठलेलें तेल यांत ती अडूं लागली कीं कडें फिरवून अधिक वायु द्यावा लागतो. हें कडें हातकवचाच्या बाहेर ठेवलेलें आहे. कल्पना करावी कीं कोणी हौसेखातर याच रायफलीस दोन इंच लांब आवरण चढविलें. हात लांबवर धरतां येईल, रूप भारदस्त दिसेल, आणि राजस्थानच्या वाळूंत बंदूक अडली म्हणजे तें कडें फिरवावयास बोट शिरणार नाहीं. शिपायाचा जीव अशा दोन इंचांत असतो.

रशियन कलाश्निकोव्ह रायफलीची गोष्ट आणखी निराळी. १९४७ सालीं सिद्ध झालेल्या या रायफलींत नळीच्या वर वायूचें नळकांडें असतें, आणि हातकवचाचा वरचा अर्धा भाग त्या नळकांड्यावरच बसविलेला असतो. खालचा भाग नळीस निराळा जोडलेला. साफसफाईच्या वेळीं वरचा भाग नळकांड्यासकट निघतो. आवरण आणि वायुयंत्र हे येथें अक्षरशः एकजीव झालेले आहेत. आवरण संपलें कीं पुढें नळी उघडी, आणि चारसहा फैरींनंतर ती तव्यासारखी होते. २६ नोव्हेंबर १९०८ नव्हे, २००८ च्या रात्रीं, म्हणजे मुंबईच्या पोलिसांजवळ .३०३ च्या जुन्या रायफली व लाठ्या होत्या त्या काळांत, गिरगांव चौपाटीच्या नाक्यावर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनीं अशाच एका रायफलीची नळी पकडली. ते सातारा जिल्ह्यांतील केडंबे गांवचे, सैन्यांतून निवृत्त होऊन पोलिसांत आलेले. हातीं फक्त लाठी. गोळ्या शरीरांत घुसत असतांहि त्यांनीं पकड सोडली नाहीं, आणि त्यामुळें अजमल कसाब जिवंत हातीं लागला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यांत आलें.

अमेरिकन एम-१६ जातीच्या रायफलींत मापाचा हा प्रश्न सर्वांत स्पष्ट दिसतो, आणि बाजारांत पट्ट्या निवडतांना सर्वांत अधिक घोटाळाहि तेथेंच होतो. यूजीन स्टोनर याच्या या रचनेंत पुढें दट्ट्या नाहीं. एक बारीक नळी वायूला थेट मागें यंत्रापर्यंत नेते. मूळची रायफल वीस इंची नळीची. तिच्यांत वायूचें भोंक बरेंच पुढें, आणि त्यावरील ठोकळ्यावरच नेमाचा त्रिकोणी मनोरा उभा. हातकवच मागच्या कड्यापासून या मनोऱ्याच्या पायथ्याशीं असलेल्या टोपणापर्यंत बसे. त्याची लांबी सुमारें बारा इंच. पुढें आंखूड कार्बाइन काढली तेव्हां भोंक मागें घ्यावें लागलें, आणि आवरण सात इंचांवर आलें. कार्बाइनचा जबर दाब व हिसका कमी करण्यासाठीं नंतर मधलें माप निघालें, त्याचें आवरण नऊ इंचांचें. म्हणजे सात, नऊ आणि बारा हे आंकडे चपलेच्या मापाप्रमाणें गिऱ्हाइकाच्या पसंतीचे नाहींत. प्रत्येक आंकड्यामागें नळींतील भोंकाची एक ठराविक जागा आहे. सात इंची यंत्राच्या रायफलीस नऊ इंची आवरण मनोऱ्यामुळें बसणारच नाहीं. आणि बारा इंचीस सात इंची घातलें तर मधली वायूची नळी उघडी पडून तिच्यावर हात जाईल.

यावर युक्ति निघाली ती तरंगत्या आवरणाची. असें आवरण फक्त मागच्या बाजूस, नळीच्या बुडाशीं असलेल्या मोठ्या नटावर आवळतात. पुढें तें नळीस कोठेंहि शिवत नाहीं. ली-एन्फील्डच्या शस्त्रकारांना जें घांसून घांसून साधावें लागे, तें येथें एका घडणीनें साधतें. मनोरा काढून त्याच्या जागीं बुटका ठोकळा बसविला, तर आवरण त्या ठोकळ्याच्या वरून पुढें जाऊं शकतें. परंतु यांतहि अटी आहेत. ठोकळ्याची उंची आणि आवरणाच्या पोटांतील जागा यांचा मेळ बसला पाहिजे; ठोकळा आंतून आवरणास टेंकला तर नळी तापून लांबली कीं दाब पडतो व नेम सरकतो, आणि तरंगत्या आवरणाचा सगळा हेतूच बुडतो. ठोकळ्यावर वायु कमीजास्त करण्याचा खिळा असेल तर त्यापर्यंत हत्यार पोंचावें इतकें भोंक आवरणांत असलें पाहिजे. मनोरा ठेवावयाचा असेल तर मापाचेंच आवरण घ्यावें, किंवा मनोऱ्यासाठीं वरून कापलेलें घ्यावें. विक्रेत्यांच्या जाहिरातींत यांतील निम्म्या गोष्टी नसतात, कारण त्या छायाचित्रांत दिसत नाहींत.

आवरणावरील खांचांच्या पट्टीचें माप मात्र आतां जगभर एकच झालें आहे. अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांतील पिकॅटिनी शस्त्रागारानें १९९५ सालीं तें ठरवून दिलें. खांचेची रुंदी ५.२३ मिलिमीटर, आणि एका खांचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १०.०१ मिलिमीटर. त्यामुळें एका देशाची दुर्बीण दुसऱ्या देशाच्या रायफलीवर चढते. या एकसारखेपणानें एक गैरसमजहि पसरला, कीं पट्टी एक झाली म्हणजे बंदूकहि एक झाली. पट्टीची वरची बाजू जगास सामाईक आहे. तिची खालची बाजू प्रत्येक रायफलीच्या वायुयंत्राची अंकित आहे.

महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर या विद्येचें माहेरघर पुण्याजवळ पाषाण येथें आहे. तेथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेंत १९८० नंतरच्या दशकांत ५.५६ मिलिमीटरची इन्सास रायफल आकारास आली. तिचें फिरतें बोल्ट आणि लांब दट्ट्या कलाश्निकोव्हच्या वळणावर, वायूचें नियंत्रक बेल्जियन एस.एल.आर.च्या वळणावर, आणि लांकडाऐवजीं प्लास्टिकचें आवरण. तीन घराण्यांचे गुण एका मुलांत उतरविण्याचा हा प्रयत्न सोपा नव्हता. १९९९ च्या कारगिल युद्धांत तिची कसोटी लागली, आणि थंडींत तिचीं प्लास्टिकचीं मॅगझिनें तडकतात अशी तक्रार आली. टीकाकारांनीं ती फार उगाळली.  याच घराण्यांत नंतर एक्स्कॅलिबर हा आंखूड नमुना निघाला. त्याचा दस्ता घडीचा, हातकवच मूळच्याहून लहान, आणि साहित्य अडकविण्यास पिकॅटिनी पट्टी. नळी आंखूड केली कीं आवरणहि लहान करावें लागलें, तें वर सांगितलेल्याच कारणानें. जानेवारी २०२४ मध्यें याच संस्थेनें हैदराबादच्या एका खासगी कंपनीच्या सहकार्यानें केलेली ७.६२ मिलिमीटरची उग्रम ही रायफल पुण्यांत पुढें आणली. वजन चार किलोहून कमी आणि पल्ला ५०० मीटर.

दरम्यान कलाश्निकोव्हचें राज्य हिंदुस्थानांत संपलेलें नाहीं, उलट वाढलें आहे. डिसेंबर २०२१ मध्यें सहा लाखांहून अधिक ए.के.-२०३ रायफली उत्तर प्रदेशांत अमेठीजवळ कोरवा येथें तयार करण्याचा करार झाला, आणि या नव्या नमुन्यास पट्ट्या जन्मतःच आहेत. प्रश्न उरतो तो जुन्या लाखो रायफलींचा. त्यांस पट्टी चढवावयाची तर ती कोठें? वरच्या आवरणावर चढविणें सर्वांत सोपें. परंतु तें आवरण वायूच्या नळकांड्यावर बसलेलें, तें नळकांडें साफसफाईस रोज निघणारें, आणि गोळीबारांत सर्वांत आधीं तापणारें. त्यावर दिवा बांधला तर फारसें बिघडत नाहीं. नेमाचें साधन बांधलें तर तें प्रत्येक साफसफाईनंतर केसभर सरकतें, आणि केसभर सरकलेलें साधन दोनशें मीटरांवर हातभर चुकूं शकतें. खालच्या आवरणास पट्टी बांधणें त्या मानानें बरें, आणि मागच्या पेटीच्या कुशीस भक्कम आधार घेऊन बांधणें सर्वांत बरें. जाणता शस्त्रकार म्हणून पट्टी बसविल्याबरोबर पसंतीची मान डोलावीत नाहीं. तो लक्ष्यावर पांच गोळ्या झाडतो, भोंकांभोंवतीं खडूनें वर्तुळ काढतो, वायूचें नळकांडें काढून पुसतो, पुन्हां बसवितो, नळी चांगली तापेपर्यंत आणखी गोळ्या घालवितो, आणि मग त्याच वर्तुळावर पुन्हां पांच गोळ्या झाडून त्या कोठें पडतात तें पाहतो.